बांधावरचा भांबुर्डा

“काका, आगीतून बाहेर या, पायजमा पेटेल तुमचा!”

ओरडत होते ते पराग नावाचे पाहुणे. मुंबईहून रो-रो बोटीत गाडी घालून आले होते, लहानमोठी धरून अकरा माणसं. आणि मी, वय त्रेसष्ट, भूगोलाचा निवृत्त मास्तर, नागावातल्या एका वाडीचा, तीन खोल्यांच्या होमस्टेचा आणि एका हिरव्यागार लॉनचा मालक, पेटलेल्या झावळ्यांच्या ढिगात उजवा पाय घालून उभा होतो. हातात बांबू. समोर उपडं घातलेलं मडकं, धगीनं काळं पडलेलं. दिवस बुडायला आलेला. मागे अकरा माणसं हसत होती आणि त्यातल्या चौघांनी मोबाईल वर धरले होते. बायको हसत नव्हती, कारण माझ्या कुठल्याच गोष्टीला हसायचं तिनं लग्नानंतर दुसऱ्या वर्षीच सोडलं. आणि हसत नव्हती आमच्या शेतात राबणारी हिराबाय.

हे गेल्या पौषातलं. आठवायचं कारण असं, की परवा सकाळी वाडीच्या मागच्या शेतात गेलो तर वाल भरलेला दिसला. भात कापून झालं की त्याच ओलीवर आमच्याकडे वाल टाकतात. त्याला ना वरचं पाणी लागतं, ना कौतुक. दवावर वाढतो. पौषात शेंगा टपोरल्या की बोटांनी दाबून बघायच्या, आतला दाणा बोटाला उलट दाबतो. मग संध्याकाळी एकेका शेतातून धूर निघायला लागतो, पांढरा, जड, वर न जाता आडवा पसरणारा. पोपटीचा धूर. तो नाकात गेला की मी पूर्वी नुसता हसत सुटायचो. यंदा तो आला आणि माझे हात आपोआप पाठीमागे गेले, जसे शाळेत गुन्हा कबूल करताना मुलांचे जायचे.

पोपटी ज्यांनी खाल्ली नाही त्यांच्यासाठी सांगतो. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला घालायचा. त्यावर वालाच्या शेंगा, जाडं मीठ, ओवा. मधे बटाटे, अंडी, केळीच्या पानात बांधलेली कोंबडी. पुन्हा भांबुर्डा, पुन्हा शेंगा. तोंडाशी भांबुर्ड्याचाच बोळा कोंबायचा, मडकं जमिनीवर उपडं करायचं आणि भोवती झावळ्या, पेंढा, पालापाचोळा रचून पेटवायचं. आत पाण्याचा एक थेंब घालत नाहीत. पाणी सुटतं ते त्या पाल्याचं. शेंगा शिजतात त्या त्याच्याच वाफेवर, मुरतो तो त्याचाच रस. भांबुर्ड्यात जे असेल ते शेंगेत उतरतं, आणि शेंगेतून माणसात. ही एवढी गोष्ट ध्यानात ठेवा, म्हणजे मी आगीत पाय का घातला ते कळेल.

हा भांबुर्डा कुणी लावत नाही. बांधावर, वाटेच्या कडेला, पडीक तुकड्यात तो आपला आपण येतो. पानं चुरगाळली की कापूर, ओवा आणि ओली माती यांचा वास येतो, आणि तो वास बोटांना चिकटला की दोन जेवणं जात नाही. माझ्या बोटाचा तर एकदा शिमग्यापर्यंत गेला नव्हता. पोपटीचे दोन महिने त्याचा मान नवरदेवासारखा. उरलेले दहा महिने तो तण.

आता लॉनबद्दल बोलायला हवं, कारण पापाला सुरुवात तिथे झाली. आमच्या वाडीत नारळ, सुपारी, चार केळी, सावलीत जायफळ. जमिनीवर जे उगवायचं ते उगवायचं. मग नागावात पाहुणे येऊ लागले, आणि पाहुण्यांना अनवाणी चालायला मऊ हिरवळ लागते हे शेजारच्या होमस्टेवाल्यांनी सिद्ध केलं. मी आमच्या अंगणातली हरळी खणून काढली. दोन बैलगाड्या भरली, म्हणजे खरं म्हणजे चार घमेली भरली, आणि तिच्या जागी ट्रकमधून गुंडाळ्या होऊन आलेलं गवत सतरंजीसारखं अंथरलं. पहिल्याच गणपतीत एकवीस दूर्वा मिळवायला मला दुसऱ्याच्या वाडीचं कुंपण ओलांडावं लागलं. ज्या गवताच्या जुड्या देवाच्या डोक्यावर ठेवायच्या तेच मी मुळासकट उपटून उकिरड्यावर टाकलं होतं. देव काही बोलला नाही. बायको बोलली.

मग आला लव्हाळा. लव्हाळ्याबद्दल मी जे सांगतो ते कुणी खरं मानत नाही, तरी सांगतो. वरचं पातं उपटलं की खाली गाठ राहते. गाठीला दोरा, दोऱ्याला पुढची गाठ. एकदा मी तो दोरा धरून खणत निघालो. लॉन ओलांडली, विहिरीला वळसा घातला, शेजारच्यांच्या न्हाणीघराखालून गेलो आणि थेट रस्त्यावर निघालो. तिथे एक गृहस्थ दुसऱ्या टोकाकडून खणत येत होते. आम्ही दोघांनी चहा घेतला. गावात माझं बोलणं चारानं भागून घ्यायची पद्धत आहे, तशी तुम्हीही भागा. तरी जे उरेल तेवढा लव्हाळा माणसाला वेडा करायला पुरेसा आहे.

त्या वेडात मी पहिल्यांदा तणनाशक आणलं. पाठीवर पंप, हातात दांडा, दांड्याच्या टोकाला तुषार. लॉनच्या कडा, फरशीच्या फटी, गेटजवळची वाट. पंधरा दिवसांत सगळं वाळून तांबूस. वाकायचं नाही, घामेजायचं नाही, कुणाला बोलवायचं नाही. पाठीवर तो पंप चढवला की मला आपण कुणीतरी सेनापती आहोत असं वाटायचं. शत्रू उभ्या उभ्या मरतोय आणि आपल्या हाताला माती नाही.

हिराबायला ते पहिल्या दिवसापासून आवडलं नाही. ती खाडीकडच्या पाड्यावरची, आमच्याकडे चोवीस वर्षं बेणणीला येते. बेणणी म्हणजे भातातलं नको ते गवत हातानं उपटणं. गुडघाभर चिखलात ओणवं होऊन, पाठीवर पाऊस घेत. हुबेहूब भातासारखं दिसणारं आणि भात नसणारं एक गवत असतं. मी एकतीस वर्षं मुलांना जगाचा नकाशा शिकवला, पण त्या दोन पात्यांतला फरक मला आजही दाखवता येत नाही. हिराबाय तो पायाच्या अंगठ्यानं ओळखते. चिखलात पाय ठेवला की सांगते, इथे तीन आहेत. तीनच निघतात. हे चारानं भागू नका.

आमच्या शेताचा बांध तिच्या वहिवाटीचा. पावसात ती तिथला टाकळा, कुर्डू भाजीला नेते, थंडीत भांबुर्डा. त्याचे भारे बांधून होमस्टेवाल्यांना देते. मी लॉनच्या कडेला फवारणी सुरू केली तेव्हा ती विळा कमरेला खोचून आली आणि एवढंच म्हणाली की अंगणात काय करायचं ते करा, बांधाला लावू नका. मी तिथल्या तिथे कबूल झालो. लॉन माझी, बांध तुझा. नारळाच्या बुंध्यावर हात ठेवून सांगितलं. हात ठेवायची गरज नव्हती. मला आपलं असं काहीतरी करायला आवडतं.

हा तह दोन वर्षं टिकला. मोडला तो एका पाहुण्याच्या शेऱ्यानं. इंटरनेटवर त्यानं आमच्या होमस्टेला पाचपैकी तीन तारे दिले आणि खाली लिहिलं की जागा छान, जेवण छान, पण शेताच्या बांधावर फोटो काढायला गेलो तर पायात झुडपं, साप असू शकतो. मंदानं, म्हणजे माझ्या बायकोनं, तो शेरा सकाळच्या चहाबरोबर मोठ्यानं वाचला. दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचला. मी हिराबायला बांध साफ करायला सांगितला. तिनं विळ्यानं सगळं काढलं, पण प्रत्येक भांबुर्ड्याला वळसा घालून, बायका रांगोळी चुकवून चालतात तशी. बांध अर्धी दाढी केल्यासारखा दिसायला लागला. आणि रविवारी परागसाहेबांची अकरा माणसं खास पोपटीसाठी यायची होती.

बुधवारी मी अलिबागला जाऊन नवा डबा आणला. दुकानदार तरुण, नीट समजावून सांगणारा. म्हणाला, हे पानावर पडलं की आतून मुळापर्यंत जातं, पण लगेच काही दिसणार नाही. आठ-दहा दिवस झाड हिरवंच राहील, मग पिवळं पडेल, तोवर घाई करून पुन्हा मारू नका. गुरंशेळ्या तिकडे सोडू नका, तिथला पाला कुणाच्या तोंडात जाऊ देऊ नका. मी शाळा तपासायला आलेल्या साहेबासारखी मान हलवली. आठ-दहा दिवस हिरवंच राहील, एवढं मात्र मी पक्कं धरलं. म्हणजे पाहुणे येऊन जाईपर्यंत हिराबायला काही दिसणार नाही. पिवळं पडलं की खारं वारं लागलं म्हणू. समुद्राकाठी राहण्याचा हा एक फायदा, कुठलंही पाप वाऱ्यावर घालता येतं.

गुरुवारी सकाळी, वारा पडलेला असताना, मंदाला वाल बघून येतो म्हणून सांगितलं आणि पंप पाठीवर घेतला. बांधाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. तुषार इतका बारीक होता की नुसतं धुकं उतरल्यासारखं वाटत होतं. भांबुर्ड्याच्या लवदार पानांवर थेंब बसले, उन्हं आली आणि सगळा बांध चमकला. खोटं सांगत नाही, तो मला त्या दिवशी जेवढा देखणा दिसला तेवढा कधीच दिसला नव्हता. वाल मधे होता, लांब होता, त्यावर एक थेंब जाऊ दिला नाही. मी बेफिकीर माणूस नाही. मी फक्त लबाड आहे.

शनिवारी संध्याकाळी हिराबाय दुसऱ्या दिवसाचं विचारायला आली. किती शेंगा, किती माणसं, अंडी कुणी आणायची. पाला ती खाडीकडच्या मळ्यातून आणणार असं तिनंच मला आधी सांगितलं होतं, त्यामुळे मी निवांत होतो. जाता जाता ती पायरीवर थांबली.

“मास्तर, बांधावर काय मारला न्हाय ना?”

“तुझ्या बांधाला मी हात लावीन होय?” मी म्हणालो. आणि तेवढ्यावर थांबलो असतो तर तो मी कसला. पुढे म्हणालो, “मी नुसता तिकडे वळलो तरी भांबुर्डा मला अडवतो. विचारतो, हिराबायची चिठ्ठी आणलीत का?”

ती हसली. पदर तोंडाला लावून हसत हसत गेली. ही माझी जुनी युक्ती. मोठं, रंगीत, कुणालाही कळेल असं खोटं पुढे उभं करायचं, म्हणजे त्याच्या मागचं बारीक खोटं दिसत नाही. मी या युक्तीवर आयुष्यभर जगलो. शाळेतले साहेब, वाडीचे वाटेकरी, सासरे, सगळे तिनंच सांभाळले. त्या संध्याकाळी मला कळायला हवं होतं की हिराबाय चौकशी करत नव्हती. ती दुसऱ्या दिवशी पाला कुठून काढायचा ते ठरवत होती.

रविवारी दुपारी मी पाहुण्यांना घेऊन समुद्रावर होतो. परागसाहेबांचे वडील केळ्याच्या आकाराच्या बोटीवरून दोनदा पाण्यात पडले आणि तिसऱ्यांदा स्वतःहून पडले, इतकं त्यांना ते आवडलं. परत आलो तेव्हा सूर्य माडांच्या खाली उतरलेला. मंदा आणि हिराबायनं मडकं भरून, शेतात उपडं घालून पेटवलंसुद्धा होतं. पाहुणे खुर्च्या मांडून बसले. आणखी चार झावळ्या हव्या होत्या म्हणून मी बांधाकडे गेलो.

बांध मोकळा होता. भांबुर्ड्याचे देठ वीतभर ठेवून मोडलेले, टोकाला अजून ओल. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

मी बोटांवर मोजलं. गुरुवार, शुक्रवार, शनिवार, रविवार. चार बोटं. दुकानदाराची आठ-दहा. पाला हिरवागार दिसला असणार, ताजा, टवटवीत, माझ्या शब्दाइतका निर्मळ. मी तिथेच बांधावर बसलो, मग ज्यावर बसलो ते आठवून उठलो.

मंदाला मी शक्य तितक्या साध्या आवाजात विचारलं की पाला कुठला घातला. तिनं माझ्याकडे न बघता सांगितलं की बांधावरचा, हिराबायनं सकाळीच काढला, खाडीपर्यंत कशाला जायचं म्हणाली. आणि वर, काय ताजा होता हो.

पोपटीला अर्धा तास लागतो, फार तर चाळीस मिनिटं. त्यातली पंधरा गेली होती. तेवढ्या वेळात मला एक वाक्य बोलायचं होतं. एकच. पण ते वाक्य ऐकायला हिराबाय तिथे उभी होती, बांबूनं निखारे सारत, चोवीस वर्षं उभी असल्यासारखी. मी दुसरा रस्ता शोधू लागलो.

आधी म्हणालो की दुपारी त्या मडक्यात नाग शिरताना मी पाहिलाय. परागसाहेबांनी टाळी दिली आणि बायकोला म्हणाले, मी सांगत होतो ना, काका म्हणजे काय चीज आहे. मोबाईल वर आले. मग मी या शेताच्या राखणदार देवाला मधे घातलं. म्हटलं, वर्षाची पहिली पोपटी त्याची असते, ती फोडत नाहीत, तशीच ठेवून निघून जायचं असतं. यावर त्यांच्या मिसेसनी मुलांना जवळ बोलावलं, खाली बसवलं आणि म्हणाल्या, काका, नीट सुरुवातीपासून सांगा ना. आणि मी सांगितली. देवाशपथ सांगतो, मडक्यात पाला वाफ सोडत होता आणि मी उभा राहून राखणदाराच्या घोड्याचं वर्णन करत होतो. आयुष्यात इतकी चांगली गोष्ट मी कधी रचली नव्हती. मुलांच्या माना वर, तोंडं उघडी. माझ्या बनियनला पाठीवर घाम. शेवटचा उपाय म्हणून मी सगळ्यांना माझ्यातर्फे सुरमईचं जेवण द्यायची तयारी दाखवली. ते म्हणाले, चालेल की, पोपटीनंतर.

हिराबायनं ओंजळीत पाणी घेऊन मडक्यावर शिंपडलं. चर्र करून थेंब उडाले. याचा अर्थ आतलं शिजलं.

परागसाहेबांची मुलगी, सहा-सात वर्षांची, हातात कागदी ताटली घेऊन सगळ्यांच्या पुढे येऊन उभी राहिली. राखणदाराचा घोडा कुठल्या रंगाचा, एवढंच तिनं मला विचारलं. मी हिराबायच्या हातातला बांबू ओढून घेतला आणि आगीत पाय घातला.

मागून ओरडा झाला तो तुम्ही ऐकलाच आहे. मी बांबू दोन्ही हातांनी उचलून मडक्यावर घातला. पहिल्या घावाला ते फुटलं नाही. हिराबायचं मडकं, जाडजूड, भाजणीचं पक्कं. दुसऱ्या घावाला दुभंगलं. वाफेचा लोट उठला, आणि वास आला तो तोच, दरवर्षीचाच. कापूर, ओवा, ओली माती, शेंगांचा गोड धूर. कुठे काही कडवट नाही, उग्र नाही. घाण वास आला असता तर मला बरं वाटलं असतं. यंदाही धूर आला की मी आधी तो वास हुंगून बघतो, आणि तो चांगला निघाला की जास्त घाबरतो.

मी सांगून टाकलं. गुरुवारी मी बांधावर तणनाशक मारलं, हा पाला तिथला आहे, कुणी काही खायचं नाही.

मग परागसाहेब टाळ्या वाजवायला लागले. म्हणाले, नाग झाला, राखणदार झाला, ही तिसरी तर कमाल आहे, मडकं फोडण्यापर्यंत म्हणजे अगदी नाटकच. बाकीचेही हसले. त्यांची काय चूक? आल्यापासून मी त्यांना हेच तर खिलवत होतो. वडिलांनी विचारलं की हे पॅकेजमध्ये धरलंय की वेगळं. परागसाहेब खाली वाकले, राखेतून एक अंडं उचललं, या हातातून त्या हातात उडवत निववायला लागले. म्हणाले, अंडं तर कवचात आहे काका, त्याला काय होतंय. मी नको नको म्हणत होतो आणि माझं प्रत्येक नको त्यांना आणखी हसवत होतं. खरं सांगायची सवय नसलेल्या माणसाचा आवाज खरं सांगताना खोटा येतो, हे मी त्या दिवशी शिकलो.

हिराबाय पुढे झाली. तिनं त्यांच्या हातातलं अंडं काढून घेतलं आणि निखाऱ्यात टाकलं.

“खाऊ नका,” ती म्हणाली. “मास्तर आता हसत न्हाय.”

तेवढ्यानं झालं. मिसेसनी मुलीच्या हातातली ताटली काढून घेतली. मोबाईल खाली गेले. मंदा माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या नजरेत राग असता तर मी काहीतरी बोललो असतो.

हिराबायनं राखेनं हात घासले, मडक्याच्या खापऱ्या पायानं आगीकडे सारल्या, आणि मग तिचे हात थांबले. तिनं वर पाहिलं. एक भारा सकाळीच घरी दिलाय, म्हणाली. वंदी आलीय. पोरांसाठी मडकं लावणार हाय.

वंदी म्हणजे तिची लेक, पेणकडे दिलेली, दोन मुलांना घेऊन रविवारची माहेरी आलेली. मी फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. पोपटी लावलेल्या घरात फोन कोण उचलणार, सगळे आगीभोवती असतात. मी स्कूटर काढली, हिराबाय मागे बसली. एरवी ती बसली की माझ्या खांद्यावर हात ठेवते. त्या दिवशी तिनं मागची दांडी धरली.

पाडा दोन-अडीच किलोमीटरवर असेल. त्या रस्त्याचं अंतर मी आजवर कुणाला सांगितलं तर कमी करूनच सांगितलंय, कारण खरं वाटलं तेवढं सांगितलं तर माझीच गोष्ट मला पटणार नाही. दोन्ही बाजूंना शेतं, आणि प्रत्येक शेतात धूर. कुठे नुकता पेटलेला, कुठे विझत आलेला. विझत आलेला धूर दिसला की मला वाटायचं, तिथेही हेच झालं असेल, मडकं उघडलं असेल, पोरं बसली असतील. मी बोलून बोलून दगडाला घाम फोडणारा माणूस, पण त्या सबंध रस्त्यात मी फक्त हॉर्न वाजवला. समोर कुणी नसतानाही. मागून हिराबायनं मला एक शिवी दिली असती तर मी स्कूटर जास्त जोरात पळवू शकलो असतो.

यंदा बांधावर भांबुर्डा उगवलाय, मधे मधे टक्कल सोडून. पंप मी कुणाला दिला नाही, विकला नाही, गोठ्याच्या खुंटीला टांगलेला आहे, आणि लव्हाळा लॉनमधे मजेत आहे. हिराबाय बेणणीला आली. पहिल्यासारखीच आली, पायाच्या अंगठ्यानं तीन म्हणाली, तीनच निघाले. बांधाकडे मात्र ती वळली नाही. मी तिला सांगितलं की यंदा खरंच काही मारलं नाही. ती हो म्हणाली, आणि पाला खाडीकडून आणला. या हो म्हणण्याचं मी काय करू, हे मला अजून कळलेलं नाही.

त्या रविवारी पाड्यावर पोचलो तेव्हा अंगणात धूर होता आणि मडकं उघडलेलं होतं.

केळीच्या पानावर शेंगांचा ढीग. वंदीची दोन्ही पोरं उकिडवी बसून खात होती, ओठ काळे, हनुवटी काळी. स्कूटर थांबायच्या आधीच हिराबाय उतरली, पडता पडता सावरली, धाकट्याच्या हातातली शेंग तिनं झडप घालून घेतली आणि त्याच्या तोंडात बोट घालून आतलं बाहेर काढायला लागली. पोरगं भेदरून रडायला लागलं. थोरलं उठून पळालं. मी स्कूटर धरून उभा होतो, स्टँड लावायचंही सुचलं नाही. अलिबागच्या दवाखान्याला किती वेळ लागेल, दोन पोरं आणि दोन बायका एका स्कूटरवर बसतील का, रिक्षा कुठे मिळेल, एवढंच डोक्यात.

वंदी घरातून मिठाची वाटी घेऊन आली. काय झालं आये, म्हणाली. हिराबायनं एका दमात सांगितलं, गुरुवार, बांध, औषध, पाला. वंदीनं ऐकून घेतलं. मग कुंपणाकडे हात केला.

भारा तिथे पडला होता. सुतळी न सोडलेला, जसा सकाळी बांधला तसा. पानं अजून हिरवी. वंदी दुपारी स्वतः खाडीकडच्या मळ्यात जाऊन दुसरा पाला घेऊन आली होती आणि मडकं त्याचं लागलं होतं.

हिराबाय ओट्यावर बसली. धाकट्याला तिनं मांडीवर ओढलं, पदरानं त्याचं तोंड पुसलं, पुन्हा पुसलं, काळं जाईना तरी पुसत राहिली. मी स्कूटर भिंतीला टेकवली. आणि तेवढ्यातही माझ्यातला मास्तर जागा झाला. वाटलं, ही पोरगी शेतातली आहे, हिनं काहीतरी ओळखलं असणार. पानावर डाग असेल, हाताला चिकट लागलं असेल, वास वेगळा आला असेल. त्या झाडानंच हिला काहीतरी सांगितलं असेल. मी तिला विचारलं की तुला कळलं कसं, पाल्यात काय दिसलं तुला.

वंदीनं मिठाची वाटी खाली ठेवली.

“पाल्यात काय न्हाय दिसला, पाला चांगला होता,” ती म्हणाली. “आय बोलली, मास्तरांनी सांगितलाय काय मारला न्हाय. म्हणून टाकून दिला.”